जी मागणी कुठेच जुळत नाही

(पालघर जिल्ह्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर माझा विषय छापून आला तेव्हा एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, ‘हे काय काढलंस? वाढवणला जातोयस, लोकांना बंदराबद्दल ऐकायचं असणार. तू त्यांना वेब सर्व्हिस शिकवणार?’ मी म्हटलं, बंदरापाशी येणारच आहे, पण जरा वळसा घालून. तेव्हा थोडा धीर धरा.

संगणकशास्त्रात गेली पंचवीस वर्षं एक प्रश्न चघळला जातोय. कुणाला तरी काहीतरी हवंय. ते पुरवू शकतील अशा हजारो सेवा इंटरनेटवर पडलेल्या आहेत. त्यांतली नेमकी कोणती या माणसाच्या कामाची, हे मध्ये कुणी माणूस न बसवता यंत्राने कसं ओळखायचं? प्रश्न ऐकायला परदेशी वाटतो. पण डहाणूच्या किंवा तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर सोमवारी सकाळी जाऊन उभे राहा. हाच प्रश्न तिथे रांग लावून उभा असतो.

ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांची शाळा सुटल्यावर ओट्यावर दुसरी शाळा भरायची, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. पाड्यावरची माणसं अर्ज लिहून घ्यायला यायची. गुरुजी लेखणी उचलायच्या आधी विचारायचे, ‘काय झालं?’ सेतूच्या खिडकीत आज पहिला प्रश्न असतो, ‘कोणता दाखला?’ या दोन प्रश्नांत फार मोठं अंतर आहे. ‘काय झालं’ याचं उत्तर कुणालाही देता येतं. ‘कोणता दाखला’ याचं उत्तर द्यायला शासनाचं अर्धं कामकाज आधीच ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसतं म्हणून खिडकीच्या अलीकडे दलाल उभा असतो. दलालाला आपण शिव्या देतो, आणि त्या बहुतेक वेळा योग्यच असतात. पण तो विकतो काय, हे बघा. तो मागणी आणि सेवा यांची गाठ घालून देतो. तेवढ्या ज्ञानाचे तो पैसे घेतो. गुरुजी तेच काम फुकट करायचे.

2015 साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क झाला. पुरेशा कारणाशिवाय ती न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांचा दंड लागला. कायदा चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्याने तसं वाटणार नाही. त्या कायद्याचं दार म्हणजे ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ. तिथे आधी विभाग निवडायचा. मग उपविभाग. मग सेवा. म्हणजे महसूल विभागाकडे जायचं की आदिवासी विकासाकडे, हे मागणाऱ्याने आधी ठरवायचं.

आता तलासरीची एक आई धरा. तिचं म्हणणं एका वाक्याचं आहे: पोरगी बारावी झाली, नर्सिंगला घालायचीय, पैसं नाहीत. या वाक्यात एकाही सेवेचं नाव नाही. पण कामाला लागलात की त्यातून काय काय निघतं पाहा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. त्याला उत्पन्नाचा दाखला. तो मिळवायला तलाठ्याचा अहवाल. जमातीचं प्रमाणपत्र, ते उपविभागीय अधिकाऱ्याकडून. मग त्या प्रमाणपत्राची वैधता, ती तपासणी समितीकडून. बँकेत खातं, आणि ते आधारला जोडलेलं. एका मागणीला एक सेवा पुरत नाही. सेवांची साखळी लागते, आणि प्रत्येक कडीला आधीच्या कडीचा कागद लागतो. संगणकवाले याला सेवांची गुंफण म्हणतात आणि ती आपोआप व्हावी म्हणून शोधनिबंध लिहितात. इथे ती गुंफण ती आई करते. एसटीने, मजुरी बुडवून.

त्या साखळीतली एक कडी तर 1950 सालात जाऊन पोचते. अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्रासाठी 6 सप्टेंबर 1950 ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला आपलं कुटुंब इथलंच होतं हे दाखवावं लागतं. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, असलं काहीतरी. आता 1950 साली इथल्या पाड्यावर शाळा किती होत्या? वारल्याच्या नावावर जमीन किती होती? ज्याच्या आजाला जमीनदाराने वेठीला धरलं, त्याच्या नावाचा कागद कुणी करून ठेवला असेल? सेवा आहे, पात्रता आहे, आणि तरी गाठ पडत नाही, कारण अटीत मागितलेला कागद ज्या काळातला आहे त्या काळाने या माणसांना कागदावर घेतलंच नव्हतं.

आता संगणकाकडे येतो.

वेब सर्व्हिस म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. संकेतस्थळ माणसांनी बघायचं असतं; वेब सर्व्हिस ही एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे करायच्या मागणीची सोय असते. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता किंवा डिजिलॉकरमध्ये दाखला उतरवून घेता, तेव्हा आत अशा अनेक सेवा एकमेकींशी बोलत असतात. 2000 च्या सुमारास कल्पना अशी होती की जगातले सगळे व्यवसाय अशा सेवा उघड्या ठेवतील आणि त्यांची एक जाहीर नोंदवही असेल. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी ती सुरूही केली. यूडीडीआय असं तिचं नाव. ज्याला सेवा द्यायची त्याने त्यात नोंद करायची, ज्याला हवी त्याने शोधायची. 2006 च्या जानेवारीत ती जाहीर नोंदवही बंद झाली. नोंद करणं ऐच्छिक होतं, नोंद खरी आहे का हे तपासणारं कुणी नव्हतं, आणि शोधणाऱ्याला तिथे भरवसा ठेवावा असं फारसं काही सापडत नव्हतं. सेवा देणारा स्वतःचं वर्णन स्वतः करतो तेव्हा हे असंच होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, बंदराजवळ पुन्हा लागेल.

याच काळात दुसरं एक स्वप्न पाहिलं जात होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्याबरोबर 2001 च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक लेख लिहिला. त्यात दोन भावंडं आहेत आणि त्यांची आजारी आई. आईला फिजिओथेरपी हवी. भावंडं आपल्या यंत्रदूताला सांगतात, आणि तो यंत्रदूत घराजवळचे, विम्यात बसणारे, चांगला लौकिक असलेले उपचारतज्ज्ञ शोधून, दोघांच्या मोकळ्या वेळा जुळवून भेट ठरवून देतो. तिथेही आई, तलासरीतही आई. फरक इतकाच की त्या लेखातल्या आईचे सगळे कागद आधीच जागेवर होते.

हे स्वप्न खरं करायचं तर सेवेचं वर्णन यंत्राला अर्थासकट कळलं पाहिजे. 2004 साली ओडब्ल्यूएल-एस नावाची वर्णनपद्धत वेबच्या मानकसंस्थेपुढे ठेवली गेली. तिची रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक सेवेबद्दल ती चार गोष्टी विचारते. काय द्यावं लागेल? काय मिळेल? आधी काय असायला हवं? आणि सेवा मिळून गेल्यावर जगात काय बदललेलं असेल? पहिले तीन प्रश्न आपल्या सरकारी अर्जातही असतात. ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’ हे त्यांचंच रूप. चौथा प्रश्न मात्र कुठल्याही अर्जाच्या मागच्या पानावर मी अजून पाहिलेला नाही.

जुळणी कशी तपासायची यावरही काम झालं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कातिया सिकारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली जुळणीच्या पायऱ्या मांडल्या. मागितलं तेच सेवा देते, ती अचूक जुळणी. सेवेचा आवाका मागणीपेक्षा मोठा असेल तर ती दुसरी पायरी, कारण मोठ्यात लहान बसेल असा अंदाज करता येतो. सेवा मागणीपेक्षा तोकडी असेल तर तिसरी. काहीतरी मिळेल, सगळं नाही. आणि चौथी पायरी: जुळत नाही.

दुसरी पायरी आपल्या चिकूवर लावून बघू. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चिकूचं उदाहरण द्यायला आपल्याला कुणाची परवानगी नको. बागायतदार म्हणतो, ‘चिकूचं नुकसान झालंय, विमा पाहिजे.’ यंत्र शोधतं आणि फळपीक विमा योजना पुढे करतं. ‘चिकू’ हा शब्द जुळला, ‘नुकसान’ जुळला, ‘विमा’ जुळला. सेवेचा आवाका तर मोठाच आहे, बरीच फळं त्यात आहेत. आता त्या योजनेचं पूर्ण नाव वाचा: पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. पाऊस, आर्द्रता ठरल्या मर्यादेबाहेर ठरलेले दिवस राहिली तर पैसे. शेतकऱ्याच्या झाडाखाली कुणी येऊन बघणार नाही. त्याचा माल जर बी पोखरणाऱ्या अळीने खाल्ला असेल आणि केंद्रावरचा आकडा मर्यादेत असेल, तर हातात काही पडत नाही. शब्द सगळे जुळले, पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर जुळलं नाही. त्याला नुकसान भरून हवं होतं. योजना हवामानाची मोजदाद करते. योजनेत लबाडी नाही, तिचं काम वेगळं आहे. पण यंत्राने दोघांची गाठ घालून दिली, बागायतदाराने हप्ता भरला, आणि भांडण झालं ते बिचाऱ्या कृषी सहाय्यकाशी.

ही झाली जुनी पद्धत, काटेकोर नियमांची. ती फार पसरली नाही, कारण प्रत्येक सेवेचं इतकं तपशीलवार वर्णन लिहायला कुणाला वेळ नव्हता. आता दुसरी पद्धत आली आहे. शब्दांना आणि वाक्यांना आकड्यांच्या लांबलचक ओळींत बदलायचं, म्हणजे अर्थाच्या एका अवाढव्य नकाशावर प्रत्येक वाक्याला एक ठिकाण मिळतं. मागणीचं ठिकाण काढायचं, सेवांची ठिकाणं काढायची, आणि जी सर्वांत जवळ ती द्यायची. त्यावर आता बोलणारी यंत्रं बसली आहेत. तुम्ही साध्या भाषेत सांगा, ते प्रश्न विचारतं, सेवा निवडतं, अर्जही भरून देतं. 2023 साली हरियाणातल्या बिवान गावात ‘जुगलबंदी’ नावाचा असा प्रयोग व्हॉट्सॲपवर झाला. गावकऱ्याने बोलून विचारायचं आणि योजनेची माहिती त्याच्या भाषेत ऐकायची. केंद्र सरकारचं ‘मायस्कीम’ 2022 पासून वय, उत्पन्न, जात विचारून योजना सुचवतं. महाराष्ट्र शासनाने 2025 साली मेटा कंपनीबरोबर करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचं जाहीर केलं. म्हणजे ‘विभाग निवडा’ हा उंबरठा जाणार. मला याचा आनंद आहे. तलासरीच्या त्या आईला तिचं एका वाक्याचं म्हणणं एका वाक्यात सांगता येणार असेल, तर त्याला नाक मुरडणारा मी कोण?

फक्त ते वाक्य ती कोणत्या भाषेत बोलणार? सरकारी भाषा-यंत्रणा ‘भाषिणी’ ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा समोर ठेवून उभी राहिली. त्यात मराठी आहे, गुजराती आहे, कोकणीही आहे. वारली नाही. मांगेली नाही, वाडवळी नाही, कातकरी नाही, धोडी नाही. इथली माणसं मराठी बोलतात, हे खरंच. पण अडचण सांगताना माणूस घरच्या बोलीत शिरतो, आणि तिथेच यंत्राचा कान कमी पडतो. हे सुधारता येईल. बोलींचे नमुने गोळा करायला आपल्याकडे आश्रमशाळांतली शेकडो पोरं आहेत. यावर अधिक बोलत नाही.

मला काळजी आहे ती ‘सर्वांत जवळची’ या दोन शब्दांची. नकाशावर कुठलाही बिंदू ठेवा, त्याला सर्वांत जवळचा दुसरा एक बिंदू असतोच. तो पाच पावलांवर असेल किंवा पाचशे कोसांवर, ‘सर्वांत जवळचा’ तरी तोच. म्हणून या नव्या पद्धतीचं यंत्र रिकाम्या हाताने परत येत नाही. ‘एवढ्या अंतरापलीकडे असेल तर काही देऊ नकोस’ अशी मर्यादा यंत्र बनवणाऱ्याने मुद्दाम घालावी लागते. आणि ती घालायला कुणाला आवडत नाही, कारण तक्त्यात उत्तर दिलेल्या मागण्यांचा आकडा मोठा दिसलेला साहेबालाही बरा वाटतो आणि कंपनीलाही. जुन्या पद्धतीत निदान चौथी पायरी होती. ‘जुळत नाही’ असं सांगण्याची सोय होती.

आता वळसा संपला. बंदराकडे येतो.

या गावाची गोष्ट तुम्हाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण व्याख्यान छापलं जाणार आहे, म्हणून बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात. 1991 च्या जून महिन्यात डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते दीर्घकाळ चालवलं. 1998 साली याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. 2023 च्या जुलैअखेर त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या माणसांनी, अटी घालून होकार दिला. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. समुद्रात 1,448 हेक्टर भराव व्हायचा आहे. बंदर उभारणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26.

या सगळ्या वर्षांत किनाऱ्यावरून एक मागणी सातत्याने आली. हे बंदर नको. मासेमारीची ही जागा राहू द्या. तिच्याशी सहमत न होणारी माणसंही याच तालुक्यात आहेत. कुणाला पोराची नोकरी दिसते, कुणाला जमिनीचा भाव. त्या वादात मी आज निकाल द्यायला आलेलो नाही. मला दाखवायचंय ते एवढंच, की या मागणीला सेवांच्या नोंदवहीत जागा नाही.

कुठल्याही संकेतस्थळावर जा, जुन्या किंवा नव्या. ‘आमची जागा राहू द्या’ असं लिहा किंवा बोला. सर्वांत जवळचं काय सापडेल? नुकसानभरपाई. पुनर्वसन. कौशल्य प्रशिक्षण. तक्रार निवारण. यांतलं प्रत्येक खरोखरच या मागणीच्या ‘जवळ’ आहे. त्यात मच्छीमार आहे, बंदर आहे, वाढवण आहे. शब्द भरपूर जुळतात. पण चौथा प्रश्न विचारा: सेवा मिळून गेल्यावर जगात काय बदललेलं असेल? मागणाऱ्याच्या मनातल्या जगात दालदी आणि वागरा ही जाळी पाण्यात असतात. सेवेच्या जगात त्याच्या खात्यात रक्कम जमा झालेली असते. या दोन जगांना एकमेकांजवळ ठेवणारा नकाशा काढताना काहीतरी चुकलेलं आहे. आणि अर्ज एकदा भरपाईच्या रकान्यात गेला की पुढे तो तसाच मोजला जातो. अमुक इतक्या मच्छीमारांनी भरपाई मागितली. ज्यांनी ‘नको’ म्हटलं, ते ‘किती’ म्हणणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतात. आठवा, सेवा देणारा स्वतःचं वर्णन स्वतः करतो. इथे तो मागणाऱ्याच्या मागणीचंही वर्णन करून टाकतो.

मग वाढवणच्या डायमेकरचं काय? दागिन्यांचे साचे घडवणारी ही माणसं घरच्या घरी काम करतात. बंदर आल्यावर त्यांच्या धंद्याचं काय होईल, हे विचारायला त्यांनी कोणता विभाग निवडायचा? मत्स्यव्यवसाय नाही, शेती नाही, महसूलही नाही.

न जुळलेली मागणी जशीच्या तशी नोंदली जाण्याची आपल्या व्यवस्थेत एक जागा आहे, ती म्हणजे पर्यावरणविषयक जनसुनावणी. 2006 च्या अधिसूचनेनुसार ती मोठ्या प्रकल्पांना लागू आहे. तिथे उभं राहून माणूस त्याला हवं ते, हव्या त्या शब्दांत बोलतो आणि त्याची नोंद व्हावी लागते. बंदराची जनसुनावणी जानेवारी 2024 मध्ये पालघरला झाली. नोंद होणं आणि मानलं जाणं यांत किती अंतर आहे हे तुम्ही अनुभवलंय. तरीही ती नोंद कुठल्या रकान्यात बसवली गेली नाही, हे मी कमी महत्त्वाचं मानत नाही.

याच मातीतली दोन जुनी उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. 1945 साली तलासरी भागात वेठ आणि लग्नगडीची पद्धत चालू होती. सावकाराने लग्नाला पैसे दिले म्हणून नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. तीसच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आदिवासी भागाची चौकशी करून अहवाल दिला होता. पण ‘वेठ बंद करा’ हे कोणत्या कचेरीत जुळणार? कर्जाचा तंटा म्हणून दिवाणीत? मारहाण म्हणून पोलीस चौकीत? त्या काळची प्रत्येक कचेरी त्या मागणीचा आपल्याला जुळेल तेवढा तुकडा घेत होती आणि उरलेलं टाकून देत होती. 23 मे 1945 रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते, आणि ती मागणी कुठल्याही रकान्यात न घालता पहिल्यांदा अख्खी मांडली गेली. पुढे काय झालं ते गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलंय.

दुसरं उदाहरण त्याच वर्षीचं, बोर्डीचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात. शासनाच्या हिशेबात हे साधं होतं: सेवा उपलब्ध आहे, लाभार्थी येत नाहीत. अनुताईंनी का येत नाहीत ते बघितलं. मोठी पोरं गुरं राखायला जात होती, धाकटी भावंडं सांभाळत होती. मग त्यांनी पोरांना बदलण्याच्या फंदात न पडता शाळाच बदलली. अंगणात अंगणवाडी भरली, आणि गुरांमागे कुरणात कुरणशाळा. न जुळण्याचं कारण नीट समजलं म्हणून नवी सेवा जन्माला आली. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी हे नाव गावोगाव गेलं. कोसबाडला जर ‘सर्वांत जवळची सेवा’ शोधणारं यंत्र असतं, तर त्याने त्या पोरांना दुसऱ्या गावची शाळा सुचवली असती.

म्हणून माझं मत असं, की अशा यंत्राची परीक्षा त्याने किती गाठी घातल्या यावरून करू नये. ‘जुळत नाही’ हे ते कसं सांगतं यावरून करावी. कोणती अट अडली, ती कुणाच्या दप्तरातल्या नोंदीमुळे अडली, ती नोंद दुरुस्त कुठे होते, हे त्याने सांगितलं पाहिजे. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये यायला लागले तेव्हा किती बायकांनी बँकांत हेलपाटे घातले ते तुम्ही पाहिलंत. पात्रता होती, अर्ज मंजूर होता, पण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात, आणि ती जोडणी भलत्याच, विसरलेल्या खात्याला झालेली. हे एका ओळीत सांगता आलं असतं: ‘ताई, तुमचे पैसे अमुक बँकेच्या खात्यात जात आहेत.’ यंत्राला हे माहीत असतं. सांगायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आणि जिथे सेवाच नाही, तिथे यंत्राने जवळचं काहीतरी हातात कोंबू नये. ‘या मागणीसाठी शासनाकडे सेवा नाही’ असं स्पष्ट सांगावं आणि ती मागणी मागणाऱ्याच्या शब्दांत नोंदवून ठेवावी. वर्षाच्या शेवटी अशा मागण्यांची यादी जिल्ह्यात जाहीर व्हावी. तांत्रिकदृष्ट्या यात काहीही अवघड नाही. मर्यादा घालायची आणि नोंद ठेवायची, एवढंच आहे. अवघड आहे ते अशी यादी वाचायची तयारी ठेवणं.

शासन हे करेल तेव्हा करेल. आपल्याला आज दोन गोष्टी करता येतात. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अर्ज नाकारायचा तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. खिडकीतून तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत फिरू नका. अर्ज दाखल करा, पोच घ्या, कारण कागदावर मागा. दुसरी गोष्ट ग्रामसभेची. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे, त्याचे नियम महाराष्ट्राने 2014 साली केले आहेत. तुमच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात दर वेळी एक विषय ठेवा: कोणत्या मागण्या कुठेच जुळल्या नाहीत. मागणाऱ्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. वाढवणच्या ग्रामसभेने पुढच्या बैठकीपासून ही वही सुरू करावी, ही माझी विनंती आहे.